नव्वद पन्ह्याच्या पांढऱ्या चादरी

५ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी आली ती कलाबाई. गल्लीत कोणाच्या कुकरची शिट्टी झाली तरी ती पोचते, मग आमच्या लोणार रस्त्याकडच्या दोन खोल्यांले रंग लागला म्हटल्यावर ती घरी बसेल काय? चप्पल दाराबाहेर, पदर कमरेले, अन् सरळ पलंगावर जाऊन बसली. मागून तिघी-चौघी आल्या, पण त्या बिचाऱ्या उभ्याच राह्यल्या.

“काऊन वं रुखमाबाई, लोक पैसे देऊन हिथं झोपतीन?”

“झोपतीन नाई तं काय. लोणारचं सरोवर उतरून चढलं का पाय बोलतात. मग माणूस कुठंही झोपते.”

“अन् या चादरीवर?” असं म्हणून तिनं चादरीत बोट घातलं. बोट पलीकडून निघालं.

सगळ्या हसल्या. मीही हसली, पण लागलं. ती चादर पंजाबच्या लग्नातली. पंजाब म्हणजे माझा पोरगा, आता त्याचीच मिशी पांढरी झाली, तर चादरीनं किती टिकावं?

ही वही मले पुष्पांजलीनं दिली. पुष्पांजली म्हणजे पंजाबची पोरगी, माझी नात. पुण्याले हॉटेलात पाहुण्यांले खोल्या द्यायच्या कामावर होती चार वर्षं. दिवाळीले आली ते परत गेलीच नाही. मले किती आनंद झाला ते लिहिता येत नाही, माझी शाळा चौथीची. ती म्हणते, आजी, सरोवर पाहायले येणाऱ्यांले मुक्कामाले जागा पुरत नाही, आपण या दोन खोल्यांत पाहुणे ठेवू. पंजाब म्हणतो, होळीपर्यंत पाहतो. जमलं तर ठीक, नाहीतर पाडव्यापासून खोल्या खतवाल्या व्यापाऱ्याले गोदामाले देतो अन् तू आपली पुण्याले जाय.

पोरगी परत पुण्याले जाईल हे ऐकून मी ताट सरकवलं. मी म्हटलं, चादरीचं काम माझ्याकडे. दुसरं काय येते मले? धुणं येते. साठ वर्षं धुऊनच राह्यली.

९ जानेवारी, गुरुवार

मी अन् पुष्पांजली एसटीनं मेहकरले गेलो. गाडीत एक बाई भेटली, तिच्या म्हशीनं पोरीची ओढणी खाल्ली म्हणे, ते ऐकता ऐकता मेहकर कधी आलं समजलं नाही.

दुकानदारानं आधी चमकणारी चादर काढली. गुलाबाची फुलं, हात फिरवला का सुळकन घसरते. “माय, पाच वर्षं काही होत नाही इले.” मी कोपऱ्यातून एक धागा ओढला, काडीपेटी काढली अन् पेटवला.

“ओ माय! दुकान जाळता काय?”

धागा जळला नाही, आकसला अन् काळा मणी झाला. मी तो मणी त्याच्या काउंटरवर ठेवला. म्हटलं, “भाऊ, हे प्लास्टिक. यावर उन्हाळ्यात माणूस झोपला तर भाजीसारखा शिजते.” सुताचा धागा कागदासारखा जळते, वास कागदाचा येते अन् बोटात घेतला का राख होते. हे मले माझ्या सासूनं शिकवलं, तिले एक अक्षर येत नव्हतं.

मग दुसरी पाहिली. उजेडाकडे धरली, दुकानदाराचा चेहरा पलीकडून दिसला. चेहरा दिसते ती चादर घ्यायची नाही. तिसरी कडक होती, मोठी भरीव वाटे. नखानं खरवडली तर पांढरी भुकटी पडली. खळ. पहिल्या धुण्यात खळ नाल्यात अन् हातात चिंधी.

पुष्पांजली लाजून लाल झाली होती, पण हसत होती. शेवटी चार तऱ्हेच्या एक-एक घेतल्या. ती चमकणारीही घेतली, कारण पंजाबले पटवायचं तर दाखवून पटवावं लागते.

पुष्पांजलीले पांढऱ्याच पाहिजेत. घरी आल्यावर पंजाब म्हणाला, “पांढऱ्या? हॉटेल टाकून राह्यली का दवाखाना? मळखाऊ रंग घ्या, कथ्थी, निळा.”

मी म्हटलं, “मळखाऊ रंग मळ खात नाही रे, लपवते.”

तो उठून गेला. हरला का तो उठून जाते, लहानपणापासून.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ झाले, वाणं झाली, लिहायले वेळ नाही. चारही चादरी पाच-पाच वेळा धुतल्या. कोपऱ्यात दोरा बांधला, एका धुण्याले एक गाठ. नळ आठ दिवसांनी येते, म्हणून धुण्याचं पाणी टाकीत धरून ठेवते, अन् खळखळलेलं पाणी कढीपत्त्याले. कढीपत्ता साबणाचा वास मारत नाही अजून.

२३ जानेवारी, गुरुवार

वीस गाठी झाल्या. पुष्पांजली म्हणते, आजी, तुझा हात गळून पडेल. मी म्हटलं, दिवसाआड पाहुणे आले तर वीस धुणी म्हणजे सव्वा महिना. सव्वा महिन्यात जी हरली ती वर्षाले काय टिकते?

निकाल असा. गुलाबाची चमकणारी: रंग तसाच, पण बोंडं आली अंगावर, रवा सांडल्यासारखी. अंगाले टोचते. फुलाफुलांची पातळ: पहिल्याच धुण्यात माझ्या पंजाबचा पांढरा बनियन गुलाबी करून टाकला, अन् वीतभर आटली. खळवाली: चिंधी झाली, म्हटलंच होतं. चौथी साधी, पांढरी, भरीव विणीची, मांजरपाटापेक्षा मऊ पण त्याच घराण्यातली. ती पण चार बोटं आटली, पण पहिल्या दोन धुण्यांत आटली अन् मग थांबली. अन् गंमत म्हणजे जेवढी धुतली तेवढी मऊ झाली. काही माणसं असतात अशी.

अर्धी चादर मी मोगरीनं बडवली अन् अर्धी हातानं चोळली. बडवलेल्या अर्ध्याचा धागा विरळ झाला. साठ वर्षं मोगरी मारली मी, कोणी सांगितलं नाही.

पंजाबले गुलाबी बनियन दाखवला. तो म्हणाला, “माय, हा मी बाहेर कसा घालू?” म्हटलं, “आतून घाल, शर्टाखाली कोण पाहते.”

२८ जानेवारी, मंगळवार

ताग्यातून त्या चौथ्या चादरीचं कापड आणलं, नव्वद इंच पन्ह्याचं. तयार चादरीपेक्षा तागा परवडते, अन् मधोमध जोड येत नाही. आधी पाण्यातून काढलं, आटायचं तेवढं आटू दिलं, मग कापलं. गादीपेक्षा दोन्हीकडून हातभर जास्त, म्हणजे खाली खोचता येते. टेलरले सांगितलं, दुमड दुहेरी घाल, शिवण बारीक टाक. फाटते ते कापड नाही, आधी कड फाटते.

एका पलंगाले तीन जोड. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात आराम करून राह्यली. माणसालेही असं मिळालं पाहिजे.

पंजाब आजकाल सकाळीच स्टँडवर जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, पेपर वाचाले जातो. पेपर तर आमच्या घरी येते.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज चादरी टेलरकडून आल्या. पुष्पांजली लोणारले गेली होती खोल्यांची कार्डं वाटाले. मी एकटीच होती. घडी उघडली अन् काय सांगू, दुधासारखं कापड. नवं कापड हळदीशिवाय अंगाले लावू नये. म्हणून वाटीत हळद कालवली, देवाले आठवलं अन् प्रत्येक चादरीले डोक्याकडच्या कोपऱ्यात एक-एक बोट लावलं. म्हटलं, यावर जो झोपेल त्याचं भलं होवो, अन् माझ्या नातीचंही.

मग टेलरच्या खडूच्या रेघा दिसल्या, मशीनच्या तेलाचा डागही एका ठिकाणी. म्हणून सोड्याच्या साबणात सगळ्या एकदा काढल्या. टाकीत पाणी कमी होतं, दोन पाण्यातच खळखळल्या. आभाळ आलं होतं म्हणून आत दोरीवर वाळवल्या. पुष्पांजली आली तोवर घड्या करून कपाटात. ती माझ्या गळ्यात पडली.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिले पाहुणे आले अन् गेले!

काल दुपारी गाडीनं आले, नवरा-बायको. पलंग मीच लावून ठेवले होते. माणूस चांगला, बाई जरा गप्प. मी विचारलं, लेकरं किती, ती म्हणाली नाहीत. मी म्हटलं होतील. मग पुष्पांजलीनं मले आत बोलावलं.

पण आज सकाळी पोहे केले, तेही तर्रीचे, तर खाल्ले नाहीत. चहा पण नको. बाई माझ्याकडे पाहत नव्हती. मले वाटलं लेकरांचं विचारलं म्हणून रागावली असेल. मी आपल्या चादरी काढल्या, धुतल्या, आज ऊन कडक होतं, गच्चीवर टाकल्या. संध्याकाळी बगळ्यासारख्या झाल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुष्पांजली दोन दिवस नीट जेवून नाही राह्यली. फोन पाहते अन् उलटा ठेवते. मले वाटलं कोणतं स्थळ आलं असेल. विचारलं तर म्हणाली, “आजी, त्या पाहुण्यांनी फोनवर लिहिलं, चादरी घाणेरड्या आहेत. जगानं वाचलं ते. शिवरात्रीच्या आठवड्यात येणाऱ्या दोघांनी नको म्हणून कळवलं.”

माझ्या चादरी घाणेरड्या! मी कपाट उघडून दाखवलं. तिनं त्या पाहुण्यांच्या पलंगावरचा धुतलेला जोड घेतला, उन्हात नेऊन उलटसुलट पाहिला. डाग नाही, वास नाही. ती म्हणाली, मग काऊन लिहिलं असेल गं आजी?

मले समजलं काऊन. नजर लागली. कलाबाईनं पहिल्या दिवशी बोट घातलं तेव्हाच लागली.

पंजाबनं जेवताना विचारलं, काय झालं. कोणी सांगितलं नाही. तो म्हणाला, “होळी महिन्यावर आली.” बस, एवढंच. पण भाकर अर्धी टाकून उठला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुष्पांजली बाजारात गेली तेव्हा मी सगळे जोड बाहेर काढले. पहिल्या वेळची हळद पुरली नाही असं दिसते, धुतलेल्यावरची तर उडूनच गेली. या वेळेस प्रत्येक चादरीले दोन्ही कोपऱ्यांले लावली, अन् चांगलं ठसठशीत बोट. उशीच्या अभ्र्यांलेही लावलं. कलाबाईचं नाव घेऊन मीठ-मोहरीही उतरवून चुलीत टाकली, तडतड तडतड आवाज आला. केवढी नजर!

आता मनाले बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या दोन बाया येणार, अकोल्याच्या. दोघी दवाखान्यात नर्स आहेत. पुष्पांजलीले काल फोन आला तेव्हापासून तिचा पाय एका जागी नाही. म्हणे नर्स म्हणजे चादरीतलं त्यांले समजते. मी आंघोळीले गेली तेवढ्यात तिनं कपाटातल्या सगळ्या चादरी काढून दुपारी घड्याच्या घड्याच भिजू घातल्या, गरम पाणी अन् भरपूर साबण. मी म्हटलं, अगं, धुतलेल्याच आहेत. ती म्हणे, आजी, मले जीव लावून धुऊ दे.

भिजवल्या तेव्हा नळ येणार होता, आलाच नाही. एका पाण्यातच काढाव्या लागल्या. अंधार पडला होता, मिणमिणत्या दिव्यात पंख्याखाली वाळवल्या अन् रात्रीच पलंगांवर घातल्या. पोरीचे हात पांढरे पडले होते साबणानं. मी तेल लावून दिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज काय झालं ते सगळं लिहिते, हात दुखला तरी.

दुपारी तीनले दोघी आल्या. मोठी सुचिताबाई, पन्नाशीची, चष्मा, चालणं एकदम झपाझप. धाकटी समता, सारखी हसणारी. म्हणाल्या, स्टँडवर एका मिशीवाल्या काकांनी पत्ता दिला, वर बॅग उचलून ऑटोत ठेवली अन् म्हणाले हिथं घरच्यासारखी व्यवस्था हाये. कोण बापा असा भला माणूस? मिशी तर पंजाबलेही आहे, पण तो कशाले सांगेल, त्याले तर खतवाला पाहिजे.

मी चहा घेऊन खोलीत गेली. सुचिताबाई उभीच होती. पलंगावरचं पांघरूण तिनं बाजूले केलं होतं. पुष्पांजली दारात, तोंड पांढरं फटक.

“हे काय आहे?” सुचिताबाईनं विचारलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

चादरीच्या दोन्ही कोपऱ्यांत लाल-तपकिरी डाग. अभ्र्यावरही एक.

“ताई, मी स्वतः धुतल्या काल...” पुष्पांजली चादर ओढून झाकाले गेली.

“बाळा, मी तीस वर्षं वॉर्डात काढली. रक्ताचा डाग धुतल्यावर कसा दिसतो ते मला नको सांगू. कोणी वापरलेल्या आहेत काय या?”

रक्त! मी हातातला चहा खाली ठेवला. अन् मग एकदम डोक्यात उजेड पडला, त्या पहिल्या बाईनं पोहे काऊन खाल्ले नाहीत ते.

मी म्हटलं, “हे रक्त नव्हे हो बाई. हे माझं बोट हाये.”

“बोट कापलं होतं?”

“कापलं कशाले! हळदीचं बोट!”

कोणाले काही समजेना. मी स्वयंपाकघरात गेली, लिंबू चिरलं, परत आली अन् त्या डागावर पिळलं. डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळाधमक झाला. दुसऱ्यावर पिळलं, तोही पिवळा. म्हटलं, “रक्त असतं तं लिंबानं पिवळं झालं असतं काय? साबण राह्यला का हळद लाल होते, आंबट लागलं का पिवळी, अन् ऊन लागलं का उडून जाते. आमच्याकडे नवं कापड हळदीशिवाय वापरत नाही. अन् एकदा वाईट झालं म्हणून मी परत लावली. जरा जास्तच लावली.”

सुचिताबाईनं चष्मा काढला. तोंडाले पदर लावला. मले वाटलं रडते काय. ती हसत होती, अशी हसत होती का पलंगावर बसूनच गेली. समता म्हणे, “मॅडम, माझ्या आजीनं माझ्या नर्सच्या ड्रेसला लावलं होतं. पहिल्याच ड्युटीला पेशंट विचारे, सिस्टर, तुम्हालाच लागलं काय?”

पुष्पांजली हसली नाही. चादरीचे दोन्ही कोपरे पाहिले. मग म्हणाली, “आजी, दोनदा लावली तू?”

“हो.”

“मले सांगितलं काऊन नाही?”

काय सांगू? पुण्य सांगून करत नाहीत असं मले वाटे. मी खाली पाहून म्हटलं, “चुकलं माझं, माय.” सत्तरीत नातीची माफी मागाले काही लाज नाही. पोरीनं मग माझा लिंबाचा हात धरला अन् तिचेही डोळे भरले अन् हसूही आलं.

सुचिताबाईनं काय केलं, तर चादर उचलली अन् उजेडाकडे धरली! नखानं खरवडली! दुमड पाहिली! अगदी माझ्यासारखी. “कुठून घेतली? आमच्या वॉर्डात आलेली चादर सहा महिन्यांत जाळी होते.” मग आम्ही दोघी तासभर चादरीवरच बोललो. तिनं सांगितलं, डाग पडलेली वेगळी भिजवायची, थंड पाण्यात आधी, गरम लगेच टाकलं का डाग पक्का होते. साबण कमी, खळखळणं जास्त. मी तिले गाठींचा दोरा दाखवला. समता बिचारी सरोवराचे फोटो दाखवाले वाट पाहत बसली.

पिवळ्या डागाच्याच चादरीवर झोपल्या दोघी. म्हणाल्या, हळद आहे, चांगलीच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुचिताबाईनं जाण्याआधी फोनवर लांबच लांब लिहिलं. पुष्पांजलीनं मले वाचून दाखवलं. त्यात लिंबू होतं, दुमड होती, भरीत-भाकर होती, अन् असं होतं का एवढी भरीव, एवढी धुतलेली चादर मोठ्या हॉटेलात मिळाली नाही. मी परत वाचाले लावलं.

पुष्पांजली म्हणाली, आजी, आता चादरीले हळद नको. मी म्हटलं, बरं. थोडं वाईट वाटलं. मग ठरलं, कपाटाच्या दाराले आतून लावायची. कपाट कोणी साबणानं धुत नाही.

दुपारी खतवाल्याचा फोन आला पंजाबले. मी दारामागं होती, ऐकू आलं. पंजाब म्हणत होता, “नाई हो शेठ, जागेचं नाई जमत. खोल्यांले ओल येते. तुमचं खत खराब होईन.”

ओल! माझ्या खोल्यांले ओल येते? नव्यानं रंग दिलेल्या कोरड्या ठणठणीत खोल्या! असं खोटं बोलणारा पोरगा माझ्या पोटी कुठून आला? मी चांगली रागावली. तो म्हणाला, “माय, आठ पलंगांले चादरी किती लागतीन ते सांग.” म्हटलं, चोवीस. पण पलंग तर आपल्याकडे चार आहेत. तो म्हणाला, “ते मी पाहतो,” अन् उठून गेला.

आठ काऊन म्हणाला, तर सुचिताबाई तिच्या वॉर्डातल्या सगळ्या जणी घेऊन येणार आहे. कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं, इथंही लिहिते: आठ मार्च, शनिवार, दुपारची एसटी, आठ जणी.